आक्रमक प्रजाती केवळ दुर्बल परिसंस्थेतच शिरतात का?

‘निरोगी परिसंस्था परकीय आक्रमक प्रजातींना स्वतःच परतवून लावते, दुष्काळ, प्रदूषण अशा ताणांनी ती खिळखिळी झाली तरच त्या शिरतात, आणि ताण दूर केला की आपोआप हटतात,’ असे विधान सध्या सर्वत्र फिरत आहे. त्यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच त्यातील चुका नेमक्या दाखवणे मला आवश्यक वाटते.

पहिली चूक निरोगी परिसंस्था अभेद्य मानण्याची. १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आढळलेल्या आशियाई बुरशीने पूर्व अमेरिकेतील चेस्टनट वृक्ष काही दशकांत जवळजवळ संपवले. या बुरशीशी त्या वृक्षांची पूर्वी कधीच गाठ पडली नसल्याने सशक्त झाडेही वाचली नाहीत.

ताण नेहमी आक्रमकांच्याच पथ्यावर पडतो, हे गृहीतक त्याहून फसवे आहे. कॅलिफोर्नियातील सर्पेंटाइन खडकांवरच्या मातीत नायट्रोजन अत्यल्प आणि निकेलसारखे जड धातू भरपूर असतात. या कठोरपणामुळेच युरोपीय गवते तिथे माजू शकली नाहीत आणि स्थानिक रानफुले टिकली. वाहनांच्या धुरातील नायट्रोजन जमिनीवर साचू लागला, माती सुपीक झाली, आणि ती गवते आत घुसली. म्हणजे इथे ताण हाच पहारेकरी होता. डेव्हिस, ग्राइम आणि थॉम्पसन या परिसंस्था-अभ्यासकांनी २००० साली मांडलेल्या सिद्धांतानुसार, प्रकाश, पाणी किंवा पोषणद्रव्ये कोणी न वापरता शिल्लक राहिली, की वनस्पतिसमूह आक्रमणाला बळी पडण्याची शक्यता वाढते. ती शिल्लक स्थानिक वनस्पती मेल्याने पडली की बाहेरून भर पडल्याने, हा भेद दुय्यम ठरतो. ताणामुळे वाट मोकळी झाल्याची उदाहरणे अर्थातच आहेत. १९८६ च्या पुराने सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या वरच्या भागातील तळाचे जीव विरळ झाले आणि त्याच वर्षी तिथे एक आशियाई शिंपला आढळला. पुढच्या कोरड्या वर्षांत पाण्याचा खारेपणा पुन्हा वाढला, पण शिंपल्याने जागा व्यापल्याने एरवी अशा काळात येणारा जुना जीवसमूह परतला नाही.

ताण हटवला की आक्रमक हटतो, ही तिसरी समजूत सर्वांत घातक आहे, कारण ती निष्क्रियतेला आधार देते. पश्चिम अमेरिकेत अतिचराईने चीटग्रास या गवताला वाव दिला. परंतु ते उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच वाळून पेट घेते, वणवे वारंवार लागतात, आणि स्थानिक सेजब्रश झुडपे सावरण्याआधीच गवत बियांतून पुन्हा उगवते. आता ताण हे गवतच निर्माण करते. त्यामुळे केवळ चराई थांबवून भागत नाही, वणवे रोखून स्थानिक बियाणे पेरावे लागते.