गाडी एक झाली, आता गट दोन करा

वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिप या लांब पल्ल्याच्या कार शर्यतींच्या मालिकेत, एलएमजीटी3 या जीटी गाड्यांच्या गटात निव्वळ व्यावसायिक चालकांच्या संघाला जागा नाही. 2024 पासून हे असंच चाललंय आणि मला ते मनापासून खटकतं. सोलापुरात ही रेसिंग बघणारे आम्ही मोजकेच. होटगी रोडवरच्या माझ्या गॅरेजमध्ये कामाच्या पोरांसोबत या विषयावर रोज बोलणं होतं, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढावं. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जीटी म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेली रेसगाडी. पोर्शे 911, फेरारी, कॉर्व्हेट, मस्टँग अशा. फॉर्म्युला वनची गाडी शोरूममध्ये मिळत नाही, ही मिळते, निदान हिचं रस्त्यावरचं भावंड तरी मिळतं. कित्येक वर्षं या गाड्यांची दोन वेगळी नियमपुस्तकं होती. याच मालिकेतली ले मान्सची 24 तासांची शर्यत भरवणाऱ्या एसीओ या फ्रेंच क्लबचं जीटीई, ज्याला 2011 च्या आधी जीटी2 म्हणायचे. दुसरं जीटी3, शर्यती भरवणाऱ्या स्टेफान राटेल यांनी 2006 मध्ये मैदानात आणलेलं.

दोन्हींत मूळ गाडी तीच. पण जीटीई म्हणजे कंपनीने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या पगारी चालकांसाठी उतरवायची गाडी. जीटी3 म्हणजे कंपनीने बनवून खाजगी संघाला विकायची गाडी. जीटीईमध्ये एबीएस चालत नसे, जीटी3 मध्ये चालतं. ज्याने गाडी दुरुस्त केली आहे त्याला यातला फरक सांगायला नको. जोरात ब्रेक मारताना चाक जाम झालं की टायर रस्त्यावर घासत जातो आणि एकाच जागी रबर उडून सपाट पट्टा पडतो. नंतर त्या टायरवर गाडी चालवली की प्रत्येक फेऱ्याला स्टिअरिंगमध्ये धडधड जाणवते. जीटीईचा चालक ताशी 290 च्या आसपासच्या वेगातून हे फक्त पायाच्या अंदाजाने टाळायचा. रात्रीसुद्धा, पावसातसुद्धा. जीटी3 मध्ये ते काम बरंचसं यंत्र करतं, त्यामुळे हौशी माणूसही ती गाडी सुरक्षित चालवू शकतो.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दोन नियमपुस्तकांचं एक झालं हे योग्यच झालं. जीटीई गेल्याचं मला वाईट वाटलं, तरीही योग्य झालं.

कारण जीटीई आतून पोकळ होत गेली होती. 2016 मध्ये फोर्ड जीटी आली आणि 1966 च्या विजयाला पन्नास वर्षं पूर्ण होताना तिने ले मान्सला गट जिंकला. नंतर बीएमडब्ल्यूने एम8 आणली. पोर्शेने तर 911 चं इंजिन मागच्या ॲक्सलच्या पुढे आणून ठेवलं, जे 911 च्या जन्मापासूनच्या रचनेच्या विरुद्ध होतं. काय वैभवाचे दिवस होते ते. पण हा सगळा खर्च कंपनीच्या बोर्डरूमवर अवलंबून. बोर्डाने मान हलवली की संघ बंद. बीएमडब्ल्यू 2018-19 च्या मोसमानंतर वर्ल्ड चॅम्पियनशिपमधून गेली, फोर्डही 2019 मध्ये गेली, पाठोपाठ ॲस्टन मार्टिन. 2021 मध्ये जीटीई प्रो या व्यावसायिकांच्या गटात पूर्ण मोसम खेळणाऱ्या गाड्या किती? चार. दोन पोर्शे, दोन फेरारी. अमेरिकेत इम्सा मालिकेत त्याच वर्षी बऱ्याच शर्यतींत या गटात तीनच गाड्या उभ्या राहायच्या. तिघांतले तिघे पोडियमवर, म्हणजे शर्यत कसली ती.

आणि हे टाळता आलं असतं. 2013-14 मध्येच दोन्ही नियम एकत्र करायच्या वाटाघाटी झाल्या होत्या. इंजिनाच्या मुद्द्यावर कंपन्यांचं जमलं नाही आणि बोलणी फिसकटली. तेव्हा जमलं असतं तर जीटीईची शेवटची वर्षं इतकी केविलवाणी झाली नसती.

2022 नंतर जीटीई प्रो गेलं, 2023 नंतर जीटीई अ‍ॅम, म्हणजे हौशी चालकांसोबतचा गट, गेला आणि 2024 मध्ये एलएमजीटी3 आलं. पहिल्याच वर्षी नऊ कंपन्या, प्रत्येकी दोन, अशा अठरा गाड्या. लेक्सस आली, जिने जीटीई कधी बनवलीच नव्हती. मॅक्लारेन 1998 नंतर पहिल्यांदा ले मान्सला परतली. 2025 मध्ये मर्सिडीज आली, ती 1999 च्या त्या भयानक अपघातांनंतर पहिल्यांदा. त्या वर्षी त्यांची सीएलआर गाडी सरळ रस्त्यावर हवेत उडून उलटली होती, एकदा नव्हे, त्या आठवड्यात तीनदा. जी कंपनी पंचवीस वर्षं त्या ट्रॅककडे फिरकली नाही तिला परत आणलं ते या एकाच नियमपुस्तकाने. विकत घेतलेली तीच गाडी थोड्याफार बदलांनी स्पा, बाथर्स्ट, डेटोना, ले मान्स कुठेही नेता येते. खाजगी संघाला यापेक्षा जास्त काय हवं?

मग तक्रार कशाची? तक्रार अशी की, गाडी एक करताना त्यांनी स्पर्धाही एकच करून टाकली.

एफआयए ही मोटर शर्यतींची जागतिक संघटना चालकांना चार श्रेणी देते: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ. ब्राँझ म्हणजे बहुतेक वेळा स्वतःचा उद्योगधंदा सांभाळून हौसेने रेस करणारा माणूस, आणि बऱ्याचदा संघाचा खर्चही तोच उचलतो. एलएमजीटी3 मध्ये प्रत्येक गाडी पाळीपाळीने चालवणाऱ्या तिघांत एक ब्राँझ सक्तीचा आहे. या लोकांबद्दल मला पूर्ण आदर आहे, त्यांच्याशिवाय हा खेळ उभाच राहत नाही. 2024 ला यासर शाहीन आणि 2025 ला रायन हार्डविक हे ब्राँझ चालक ले मान्सच्या विजेत्या पोर्शेत होते, आणि ते विजय त्यांनी कमावलेले होते. पण परिणाम असा की, जगातल्या सर्वोत्तम जीटी चालकांची एकमेकांशी सरळ, पूर्ण चोवीस तासांची झुंज ले मान्सला आता होतच नाही. कोण जिंकणार हे पुष्कळदा ब्राँझ चालक आपल्या वाट्याच्या तासांत किती टिकतो यावर ठरतं.

2017 ची ले मान्स ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. तिथली शर्यत आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी साडेसातला सुरू होते आणि रविवारी साडेसातला संपते. त्या रविवारी संध्याकाळी ॲस्टन मार्टिनचा जॉनी ॲडम आणि कॉर्व्हेटचा जॉर्डन टेलर जीटीई प्रोच्या पहिल्या जागेसाठी भिडले होते. तेवीस तासांहून जास्त रेस झालेली आणि दोन गाड्यांत बोटभर अंतर. ॲडमने आर्नाजच्या वळणावर आत घुसायचा प्रयत्न केला, टेलरने जागा परत घेतली. मग कॉर्व्हेटचा पुढचा टायर गेला आणि शेवटच्या लॅपच्या सुरुवातीला ॲडम पुढे निघाला. टेलर त्या टायरवर गाडी ओढत आला आणि शेवटी फोर्डनेही त्याला गाठलं. तिसरा आला. दोघेही पूर्ण व्यावसायिक, दोघांच्याही पाठीशी कारखान्याचा संघ. ती झुंज बघताना अंगावर काटा आला होता. आज ले मान्सच्या जीटी गटात अशी लढत व्हायची तर योगायोगाने शेवटच्या तासाला दोन्ही गाड्यांत व्यावसायिक बसलेले असावे लागतात.

आमच्या गॅरेजमधल्या एका पोराने 2025 च्या मोसमात मला विचारलं, "अण्णा, ह्यात पोर्शे कंपनीची स्वतःची टीम कुठली ओ?" मी म्हटलं, जीटीत नाही, ती हायपरकार या सगळ्यात वरच्या गटात आहे. तो म्हणाला, "मग 911 साठी कोण भांडतंय?" त्याला द्यायला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नव्हतं.

आणि उपाय काही नव्याने शोधायचा नाही. इम्साने 2021 च्या मोसमानंतर जीटीएलएम, म्हणजे त्यांच्याकडचा जीटीई गट, बंद केला आणि 2022 पासून जीटीडी प्रो सुरू केलं. गाडी जीटी3 चीच. एका गटात फक्त व्यावसायिक, दुसऱ्या जीटीडी गटात हौशी चालक सक्तीचा. एकाच ट्रॅकवर, एकाच वेळी, दोन वेगळी विजेतेपदं. पहिल्या वर्षी चौकटीच्या शर्टासारख्या रंगातली फाफची पोर्शे जिंकली, 2023 ला लेक्सस, 2024 ला एओ रेसिंगची डायनासोरच्या चेहऱ्याची पोर्शे, जिला सगळे रेक्सी म्हणतात. फोर्ड आणि कॉर्व्हेट या कंपन्या त्या गटात आपल्या पूर्ण ताकदीनिशी उतरल्या. गट मेला नाही, वाढला. स्पाच्या 24 तासांत तर एकाच जीटी3 गाडीवर प्रो, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ असे वेगवेगळे कप असतात. जर्मनीची डीटीएम ही कार शर्यतींची मालिका 2021 पासून जीटी3 गाड्यांवरच चालते.

डीटीएमचा विषय निघालाच आहे तर नियम एकत्र करण्याचा फसलेला प्रयोगही आठवतो. डीटीएम आणि जपानची सुपर जीटी यांनी क्लास वन नावाने नियम जुळवले आणि 2019 च्या नोव्हेंबरमध्ये फुजीला एकत्र शर्यत भरवली. दुसऱ्या दिवशीची शर्यत कोणी जिंकली? आपल्या नारायण कार्तिकेयनने, होंडा एनएसएक्समध्ये. मला त्याचा आजही अभिमान वाटतो. पण त्या गाड्या इतक्या महाग आणि इतक्या खास होत्या की कारखान्याशिवाय कोणी घेऊच शकत नव्हतं. 2020 मध्ये ऑडीने बाहेर पडायची घोषणा केली आणि डीटीएमपुरता क्लास वनचा खेळ तिथेच आटोपला. नंतर जीटी3 आलं म्हणून तर आपला अर्जुन मैनी 2021 मध्ये मर्सिडीज घेऊन तिथे उतरू शकला. भारतातून व्यावसायिक रेसर होऊ बघणाऱ्या पोरासाठी जीटी3 हाच आता खरा दरवाजा आहे. मात्र ले मान्सच्या जीटी गाडीतल्या तीन खुर्च्यांपैकी एक ब्राँझसाठी बांधलेली असेल, तर त्या दरवाजात गर्दी किती होते बघा.

विरोधात तीन गोष्टी सांगितल्या जातात. एक, जागा नाही. दोन, प्रो गट आला की कंपन्या पुन्हा पैसा ओततील आणि पुन्हा पळतील. तीन, बीओपीची, म्हणजे गाड्या बरोबरीत आणण्याच्या नियमाची भांडणं.

जागेचं सोपं आहे, शेवटी सांगतो. पैशाची भीती मला पटत नाही, कारण गाडी विकण्यासाठीच बनते आणि तिची तांत्रिक मान्यता एकदा घेतली की वाट्टेल तसे बदल करता येत नाहीत. जीटीईसारखी दरवर्षी नवी शस्त्रं काढायची सोयच इथे नाही.

बीओपीचा मुद्दा मात्र खरा आहे. बीओपी म्हणजे बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स. मागे इंजिन असलेली पोर्शे आणि पुढे मोठं व्ही8 असलेली मस्टँग बरोबरीत पळाव्यात म्हणून अधिकारी कोणाच्या गाडीत वजन टाकतात, कोणाची ताकद कमी करतात. एलएमजीटी3 मध्ये चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टवर टॉर्क सेन्सर लावलेत, म्हणजे इंजिन खरोखर किती ताकद देतंय ते शर्यत चालू असतानाच दिसतं. तंत्र उत्तम आहे. पण वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या नियमानुसार संघांनी आणि चालकांनी बीओपीवर जाहीर बोलायचं नाही. इथे माझा सक्त विरोध आहे.

आपल्या जिल्ह्याने हे जवळून बघितलंय. 2023 च्या जानेवारीत कोथरूडच्या महाराष्ट्र केसरीत माती विभागाची लढत मंगळवेढ्याकडचा महेंद्र गायकवाड आणि मोहोळचा सिकंदर शेख यांच्यात झाली, दोघेही आपलेच. एका टांग डावाला दिलेल्या चार गुणांवरून केवढा वाद पेटला! गावोगावच्या तालमीत तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला गेला, खांदा टेकला की नाही, डाव पूर्ण बसला की नाही. वाद झाला, पण प्रत्येकाला डोळ्यांनी पाहता आलं आणि तोंडाने बोलता आलं. पंचांचं चुकलं म्हणणाऱ्यालाही आणि बरोबर म्हणणाऱ्यालाही. सेन्सरचे आकडे हाताशी असताना ते झाकून, वर चालकांच्या तोंडाला कुलूप लावून कोणाचा विश्वास बसणार? शर्यत झाल्यावर प्रत्येक कंपनीच्या गाडीची ताकद आणि वजन यांचे आकडे खुले करा. वाद होऊ देत.

आता जागेचं. अठरा गाड्या आहेत, प्रत्येक कंपनीच्या दोन. एकही गाडी वाढवायची नाही, पिटमध्ये एकही गाळा जास्तीचा लागणार नाही. फक्त संघांना मुभा द्या की, दोनपैकी एक गाडी प्रो म्हणून नोंदवता येईल. सक्ती नको. ज्याला दोन्ही ब्राँझसोबत चालवायच्या आहेत त्याने तशा चालवाव्यात. अडचण आहे ती काही ब्राँझ चालकांची जागा जाईल ही, आणि ती मी हलकी मानत नाही, कारण त्यांच्याच पैशावर हे संघ या पडत्या काळात जगले. पण त्यांच्यासाठी युरोपियन ले मान्स सिरीजमध्ये आणि एशियन ले मान्स सिरीजमध्येही दारं उघडी आहेत. प्रो गाडीचा खर्च मात्र कंपनीने उचलावा, खाजगी संघाच्या माथी मारू नये, ही अट नियमातच लिहावी.

पूर्ण मोसमासाठी धीर होत नसेल तर पहिल्या वर्षी फक्त ले मान्सपुरतं करून बघा. पाच कंपन्यांनी जरी एकेक प्रो गाडी उतरवली तरी पुरे, 2021 च्या चारपेक्षा ती एक जास्तच भरते. पोर्शेकडून कोण यावं, कॉर्व्हेटकडून कोण, तुमच्या मनातल्या तीन-तीन चालकांची त्रिकुटं कमेंटमध्ये लिहा. माझ्या पोर्शेत लॉरिन हाइनरिश आणि रिचर्ड लिट्झ नक्की आहेत, तिसऱ्या नावावरून गॅरेजमध्ये अजून एकमत झालेलं नाही.