तुमाले काय, टाइमच टाइम!

रिटायर झालो त्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. ज्याला आता कुठंच वेळेवर जायचं नाही त्याला घड्याळ कशाला देतात, असं तेव्हा वाटलं होतं. दहा वर्षं झाली. घड्याळ ओसरीत टांगलेलं आहे. गावातला जो येतो तो आधी घड्याळाकडं पाहतो, मग माझ्याकडं, आणि म्हणतो, "गुरुजी, तुमाले काय, टाइमच टाइम!"

परवा शेजारच्या पोट्ट्यानं गाडी न थांबवताच आवाज दिला. "गुरुजी, तालुक्याले जाऊन रायले ना? माह्या आधारच्या चार झेरॉक्स आनजा!" मी तालुक्याला जाऊन राहिलो नव्हतो. मी फाटकात उभा राहून निंबाच्या काडीनं दात कोरत होतो. पण आधार कार्ड हातात पडलं होतं आणि गाडी वळणावर गेली होती. गेलो मग. जाताच आहात तर म्हणून सौ.नं चष्म्याचा स्क्रू बसवायला दिला, समोरच्या आजीनं पायाची क्रीम सांगितली आणि एकानं मोटारचं कपॅसिटर. नोकरीत असताना माझ्या दिवसाला पगार होता, म्हणून त्याला किंमत होती. आता तो गायरानासारखा झाला आहे, ज्याला वाटेल त्यानं आपलं जनावर सोडावं.

गावातल्या लोकांचा राग नाही येत, खरं सांगतो. सप्टेंबरात लाडक्या बहिणींची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा माझ्या ओसरीवर रोज आठ-दहा बाया. बाईचा आधार नंबर, तिचा ओटीपी, मग नवऱ्याचा आधार नंबर, त्याचा ओटीपी. नवरा पुण्याकडं कंपनीत, फोन उचलते कोण? उचलला तर म्हणते, "मेसेज डिलीट झाला." एकीच्या नवऱ्यानं तर ओटीपी सांगायच्या आधी पंधरा मिनिटं तिच्याशी भांडून घेतलं. ओटीपी तोवर मेला. पण त्या बायांच्या हातात महिन्याचे 1500 रुपये येतात आणि त्यांच्यातल्या निम्म्या माझ्याच वर्गात अ आ इ शिकलेल्या. त्या कामाचा कंटाळा नाही. ई-पीक पाहणीसाठी दुसऱ्याच्या वावरात उभा राहून कपाशीचे फोटोही काढले आहेत मी, रेंजसाठी धुऱ्यावरच्या बाभळीखाली हात वर करून.

राग येतो तो खिडकीपलीकडल्यांचा.

नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला. आम्हा राज्याच्या पेन्शनरांची यादी बँकेत येते, तिच्यात आपल्या नावासमोर सही करायची, की 1 तारखेला हा इसम जिवंत होता. (समोर उभा असलेल्याला जिवंत असल्याचा पुरावा मागतात, हा विनोद आमच्या पेन्शनरांच्या पारावर इतका जुना झाला आहे की आता त्यालाच पेन्शन लागू करावी.) केंद्राच्या लोकांसाठी 2014 मध्ये जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन हयातीचा दाखला, आला आणि 2021 पासून तर नुसता चेहरा दाखवूनही जमते. आमचे एक शेजारी डाक खात्यातून रिटायर झाले. ते अंगणात खुर्ची टाकतात, मोबाइलसमोर डोळे मिचकावतात आणि पुढच्या नोव्हेंबरपर्यंत जिवंत होतात. त्यांची सून मागं उभी राहून सांगत असते, "बाबा, आता मिचकवा. अजून एकदा. अवो, दोन्ही मिचकवा!"

मला मात्र तालुका. पहिल्या खेपेला यादी आली नव्हती. दुसऱ्या खेपेला यादी आली होती, पण ती ज्यांच्याकडं असते ते रजेवर होते. तिसऱ्या खेपेला यादी होती, साहेब होते, माझंच नाव सापडेना. ते दुसऱ्या एका पानावर निघालं, चौथ्या खेपेला. आधीच्या तिन्ही वेळा एकच वाक्य ऐकलं, "काका, सोमवारी या ना."

खेपेचं भाडं फार नाही. एसटीत 65 च्या पुढं अर्धं तिकीट आहे आणि मार्च 2023 पासून सगळ्याच बायांना अर्धं. म्हणजे आम्ही नवरा-बायको सोबत निघालो की दोघं मिळून एक प्रवासी होतो. कंडक्टर पोट्टा मोठा मिश्किल आहे. "एक फुल देऊ का गुरुजी?" म्हणते. 75 ला मला पूर्ण माफ होईल. पण त्याआधी 2030 गाठायचं आहे, कारण रिटायर होताना घराच्या स्लॅबसाठी पेन्शनचा काही हिस्सा विकून एकरकमी पैसे घेतले होते आणि विकलेला हिस्सा 15 वर्षांनी परत चालू होतो. आमच्या पारावर प्रत्येकाला आपापलं साल तोंडपाठ आहे. एकाचं 2027, एकाचं 2032. एकमेकांच्या तब्येतीची चौकशी आम्ही त्याच हिशेबानं करतो.

तर भाड्याचं काही नाही. मला टोचलं ते वेगळंच. तिसऱ्या खेपेला माझ्या मागं एक तरुण होता, गळ्यात कंपनीचं कार्ड. त्याचंही काम अडलं होतं. त्याला तेच साहेब म्हणाले, "तुमची सुट्टी वाया जाईल, थांबा, मी विचारून घेतो." फोन लावला, दहा मिनिटांत काम झालं. मग माझ्याकडं वळून, "काका, तुम्ही सोमवारी या." आवाज अगदी गोड. त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं, हीच तर अडचण आहे. त्याच्या हिशेबात त्या तरुणाचा दिवस रुपयांत होता आणि माझा शून्यात. मला तर वाटते, 68 वर्षांच्या माणसाचा एक सोमवार 30 वर्षांच्या माणसाच्या सोमवारापेक्षा महागच धरायला पाहिजे. शिल्लक कोणाकडं कमी आहे?

हे सगळं पारावर तावातावानं सांगत होतो आणि सांगता सांगता मधेच थांबलो. एक म्हातारा आठवला.

मी तेव्हा दुसऱ्या एका गावी मुख्याध्यापक होतो. नातवाच्या टीसीसाठी एक कास्तकार आजा पायी यायचा, पाच-सहा किलोमीटरवरून. पहिल्यांदा मी पोषण आहाराच्या हिशेबात होतो. दुसऱ्यांदा दाखल्याचं पुस्तक तपासणीला गेलं होतं. दोन्ही वेळा मी काय म्हटलं असेल ते तुम्ही ओळखलंच. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा टीसी तयार होती, पाच मिनिटांचं काम होतं, ते पहिल्या दिवशीही पाच मिनिटांचंच होतं. त्यानं टीसी डोक्याला लावली, धोतराच्या सोग्यात बांधली आणि खांद्यावरची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. आत तुरीच्या हिरव्या शेंगा होत्या. "लेकरायले सोले होतीन गुरुजी." मी त्या घेतल्या. रात्री घरी सोले-वांगे (सोले म्हणजे तुरीचे कोवळे दाणे) झाले आणि मी तीन भाकरी खाल्ल्या. त्याच्या तीन खेपा आणि माझ्या तीन भाकरी, असा हिशेब मला तेव्हा सुचला नव्हता.

सोले-वांगे! आता इथं थोडं थांबतो, कारण यावर बोलायला माझ्याकडं खरंच टाइमच टाइम आहे.

आमचा भाग खारपाणपट्टा. पूर्णेच्या आजूबाजूनं अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेली ही खाऱ्या पाण्याची पट्टी. आता आमच्या नळाला शहानूर धरणाचं गोडं पाणी येते, पण लहानपणी विहिरीचं पाणी तोंडात धरवत नसे आणि त्यात वाळली डाळ तासभर उकळली तरी दाणा दाण्यासारखाच राहायचा. वरणापुरता गोड्या पाण्याचा एक गुंड, म्हणजे हंडा, आई वेगळा झाकून ठेवायची, त्याला हात लावला की पाठीत धपाटा. कोवळ्या सोल्यांचे एवढे नखरे नव्हते. म्हणून हिवाळ्यात पऱ्हाटीतल्या (कपाशीतल्या) तुरीच्या तासाला शेंगा भरल्या की आमच्या घरी वरण मागं पडायचं आणि रोज सोले. सोल्याची आमटी, सोल्याचे वडे, सोले-भात आणि सगळ्यांच्या वर सोले-वांगे.

करायला अवघड काही नाही. अर्धे सोले तव्यावर थोड्या तेलात हिरव्या मिरच्या आणि लसणासोबत डाग पडेपर्यंत भाजायचे आणि पाट्यावर जाडेभरडे वाटायचे. मिक्सर चालेल, पण एकदाच फिरवा, त्याची चटणी करू नका. गंजात (पातेल्यात) तेल जरा सैल हातानं. आई जवसाचं वापरायची, त्याचा वास आता घरात कोणाला सोसत नाही. जिरं, कांदा, मग हे वाटण, तेल सुटेपर्यंत. हळद, तिखट. मग लहान काटेरी वांग्यांच्या फोडी आणि राहिलेले अख्खे सोले. वरून गरम पाणी. वांगं मऊ झालं पण फुटलं नाही, तिथं उतरवायचं. वरून सांबार, मूठभर. (पुण्याच्या माझ्या सुनेला पहिल्या वर्षी सौ.नं "भाजीत सांबार टाक" म्हटलं, तर ती बिचारी इडलीसोबतचं सांबार करायला डाळ भिजवत होती. आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे लग्नाआधी सांगायला हवं होतं.) गूळ नाही, खोबरं नाही, गोडा मसाला तर नाहीच. ज्वारीची भाकर, कांदा, बस्स.

मटार घालून हेच करता येते असं एक बाई मोबाइलवर सांगत होती. मी मोबाइल उलटा ठेवून दिला.

अवघड आहे ते सोलणं. टोपलंभर शेंगा घेऊन बसलो की दोघांचा दीड तास जातो आणि गंजाचा तळ कसाबसा झाकतो. शेंग अंगठ्यानं शिवणीवर दाबायची, फट् आवाज आला पाहिजे. एखादीत दाण्याऐवजी अळी बसलेली असते, चष्मा नसला तर तीही गंजात जाते. अंगठ्याचं नख हिरवं-काळं पडते आणि दोन दिवस जात नाही. हाच तो अंगठा, जो रेशनच्या मशीनला पटत नाही. मशीनवाला म्हणते, रेषा झिजल्या. 34 वर्षं खडू धरला, अजून काय होणार होतं? पण शेंगेला माझा अंगठा पहिल्या झटक्यात ओळखू येते.

आणि हे एक काम असं आहे की त्यात कोणी "सोमवारी या" म्हणत नाही. दीड तास द्या, तेवढ्याची भाजी मिळते. हात चालतात, तोंड मोकळं असते. सौ. आणि मी वर्षभरात जेवढं बोलत नाही तेवढं तुरीच्या मोसमात बोलतो. अर्थात त्यातलं निम्मं, "आयकता काय वो, ते टरफलं गाईच्या टोपल्यात टाका म्हतलं ना," असंच असते.

मागच्या सोमवारी तिच्या खात्याची केवायसी होती. सकाळीच भाच्यानं शेंगांची पिशवी आणून दिली होती. मी ती सोबतच घेतली. बँकेच्या बाकावर बसलो आणि सुरू झालो. सौ. आधी लाजली, मग तिनंही पदर खोचला. शेजारी एक रिटायर्ड तलाठी बसले होते, त्यांनी न विचारता मूठभर शेंगा उचलल्या. मग एक अंगणवाडीच्या बाई. वॉचमन आला, "काका, कचरा होते." मी म्हटलं, "एक एक टरफल पिशवीत जाऊन राहिलं, बघ." त्यानं बघितलं, इकडंतिकडं पाहिलं आणि चार दाणे तोंडात टाकून दारावर गेला. पावणेदोनला नंबर आला तोवर डबा भरून सोले झाले होते.

खिडकीतल्या पोरीनं सौ.चा अंगठा मशीनवर ठेवायला लावला. लाल दिवा. पुसून ठेवला, लाल. दुसरा हात, लाल. पोरीनं नखं पाहिली, काचेवरचा हिरवट डाग पाहिला.

"काकू, हे काय लागलं हो हाताला?"

पुढं ती काय म्हणाली ते लिहायची गरज नाही.

भाजी झकास झाली. तलाठीसाहेबांना डबा पाठवला. आता या सोमवारी आम्ही परत जाऊ, एक फुल तिकीट काढून, हात साबणानं धुऊन. आणि हो, सोले-वांग्यात आलू टाकणारी काही मंडळी हे वाचणाऱ्यांत आहेत, मला माहीत आहे. त्यांनी खाली कॉमेंटमध्ये यावं. भांडायला मी मोकळाच आहे, सोमवार सोडून.