एसावाचा द्वेष आणि आजारी मूल : एका फिरत्या संदेशाला उत्तर

‘देव पापाचा नव्हे, पाप्याचाच द्वेष करतो’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या ख्रिस्ती भाविकांमध्ये भराभर पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : पापाचा द्वेष करावा, पाप्यावर प्रेम करावे, हे वाक्य पवित्र शास्त्रात कुठेच नाही, स्तोत्रांमध्ये देव कुकर्म करणाऱ्यांचाच द्वेष करतो असे स्पष्ट म्हटले आहे, एसावाचा, म्हणजे याकोबाच्या थोरल्या जुळ्या भावाचा, द्वेष तर देवाने तो आईच्या गर्भात असतानाच केला, म्हणून जन्मजात व्याधी, वांझपण आणि अपघाती मृत्यू ही त्या द्वेषाची दृश्य चिन्हे होत, आणि विश्वासणाऱ्यांनी अशा घरांपासून दूर राहावे. माझ्या धाकट्या बहिणीचे मूल जन्मापासून आजारी आहे. तिला हा संदेश एका परिचिताने ‘प्रार्थनापूर्वक वाचावा’ अशी पुस्ती जोडून पाठवला. तिने तो खरोखरच तसा वाचला आणि मग मला जे विचारले, त्यामुळे हे उत्तर लिहिणे भाग पडले.

पहिला मुद्दा नाइलाजाने मान्य करतो. ते वाक्य त्या शब्दांत शास्त्रात नाही. प्राचीन चर्चचे धर्मपंडित संत ऑगस्टीन यांनी एका मठातील भगिनींना लिहिलेल्या पत्रात माणसांविषयी प्रेम आणि दोषांविषयी द्वेष बाळगण्यास सांगितले आहे, आणि गांधीजींच्या आत्मकथेतही त्याच अर्थाचे वचन येते. पाचव्या आणि अकराव्या स्तोत्रांतील उल्लेखही खरे आहेत, आणि देवाला क्रोध ठाऊकच नाही असे सांगणारे गोड प्रवचनकार ही पाने उलटून पुढे जातात, हेही खरे आहे. परंतु ज्या ऑगस्टीननी हा विषय सर्वांत खोलात जाऊन हाताळला, त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानावरील प्रवचनांत असे म्हटले आहे की, देव आपला द्वेष करीत होता तेव्हाही अद्भुत आणि दैवी रीतीने आपल्यावर प्रेमच करीत होता. जे त्याने घडवले त्यावर प्रेम, आणि जे आपण बिघडवले त्याचा द्वेष. देवाच्या क्रोधाविषयी अजिबात हयगय न करणाऱ्या कॅल्व्हिन या सोळाव्या शतकातील धर्मसुधारकानेही हा उतारा संमतीने उद्धृत केला आहे. मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी तेच तर्काच्या भाषेत मांडले. ‘आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला’ हे प्रेषित पौलाचे विधान ज्याला ठाऊक आहे, त्याला स्तोत्रातील एका ओळीवरून प्रेमाचा दरवाजा बंद करता येत नाही.

एसावाचे प्रकरण मात्र सावकाश पाहिले पाहिजे, कारण संदेशाचा सारा डोलारा त्याच्यावर उभा आहे. उत्पत्तीच्या पंचविसाव्या अध्यायात एसाव आणि याकोब यांची आई रिबका हिला एवढेच सांगितले जाते की तिच्या उदरात दोन राष्ट्रे आहेत आणि थोरला धाकट्याची सेवा करील. द्वेषाचा उल्लेख तिथे नाही. तो येतो मलाखीच्या पुस्तकात, म्हणजे एसावाला जाऊन कित्येक शतके उलटल्यावर, आणि तिथे ‘एसाव’ म्हणून ज्याच्याविषयी बोलले आहे ते त्याच्या वंशजांचे अदोम राष्ट्र आहे. यरुशलेमच्या विनाशाच्या दिवशी भावाच्या, म्हणजे याकोबाच्या वंशजांच्या, हालांकडे पाहत उभे राहिलेल्या आणि पळणाऱ्यांना वाटेत अडवणाऱ्या त्या राष्ट्रावर ओबद्याचे अख्खे पुस्तक लिहिलेले आहे. आता एसाव या माणसाकडे पाहा. त्याच्या वंशजांना देवाने सेईर डोंगर वतन म्हणून दिला आणि तिथली पाऊलभर जमीनही तुम्हांला देणार नाही, असे इस्राएलला बजावले. ‘अदोमी माणसाचा तिरस्कार करू नका, कारण तो तुमचा भाऊ आहे’ ही आज्ञा शास्त्रातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. फसवणूक करून पळालेल्या याकोबाला हाच एसाव वर्षांनी धावत येऊन मिठी मारतो, आणि याकोब त्याला म्हणतो की तुझे मुख पाहणे म्हणजे जणू देवाचे मुख पाहणे. संदेशलेखकाने हे अध्याय वाचलेले नसावेत. वाचून वगळले असतील तर गोष्ट अधिकच गंभीर आहे.

यावर कोणी म्हणेल की रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात पौल मुले जन्मलीही नव्हती असे स्पष्ट लिहितो, आणि त्या आधारे व्यक्तींच्या निवडीचा, म्हणजे कोणाला तारायचे हे देव आधीच ठरवतो असा, सिद्धान्त मांडणारी एक मोठी परंपरा आहे. ती आहे. पण पौलाचा युक्तिवाद नवव्या अध्यायात संपत नाही. देवाने सर्वांवर दया करावी म्हणून सर्वांना आज्ञाभंगात कोंडले, या अकराव्या अध्यायातील वाक्यापर्यंत तो चालतो. शिवाय त्या परंपरेने १६१८–१९ साली नेदरलँड्समधील डॉर्टच्या धर्मसभेत निवडीचा सिद्धान्त अत्यंत कठोरपणे नोंदवला, तेव्हा पहिल्याच प्रकरणाच्या सतराव्या कलमात असेही लिहिले की, ज्यांची मुले देवाने बाल्यावस्थेतच या जीवनातून बोलावून घेतली त्या भक्तिमान आईबापांनी त्या मुलांच्या निवडीविषयी आणि तारणाविषयी शंका बाळगू नये. जी धर्मसभा सौम्यपणासाठी कधीच प्रसिद्ध नव्हती, तिने मृत मुलांच्या आईबापांना दिलेला हा दिलासा आहे. आणि इथे एक अनामिक संदेश जिवंत मुलाच्या आईला ते मूल देवाला नकोसे असल्याचे सांगतो.

आता तो व्याधीचा मुद्दा, ज्याची मला खरी चीड आहे. त्याला योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय पुरेसा आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, ‘पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी?’ येशू उत्तर देतो की यानेही नाही आणि याच्या आईबापांनीही नाही, तर देवाची कार्ये याच्या ठायी प्रकट व्हावीत म्हणून. प्रश्न हुबेहूब संदेशातला आहे आणि उत्तर हुबेहूब त्याच्या उलट आहे. अध्याय शेवटपर्यंत वाचला, तर संदेशाची भूमिका तिथे एकदा मांडलेलीही सापडते : बरा झालेल्या त्या माणसाला ‘तू सर्वस्वी पापात जन्मलास आणि तू आम्हांला शिकवतोस काय?’ असे म्हणून परूशी, म्हणजे कर्मठ यहुदी धर्मपुढारी, बाहेर घालवतात, आणि ते कळताच येशू स्वतः त्याला शोधून काढतो.

योहानाच्याच पाचव्या अध्यायातील आजाऱ्याला ‘यापुढे पाप करू नकोस’ असे येशू म्हणाला, याचा दाखला देऊन कोणी व्याधी आणि पाप यांचा संबंध जोडू पाहील. पण तिथे बोलणारा प्रभू आहे, शेजारी नाही. आणि तोही त्या माणसाला बरे केल्यानंतर बोलतो. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी नव्हते, असे त्यानेच सांगितले. निर्दोष असूनही हाल सोसणाऱ्या ईयोबाच्या मित्रांनी संदेशातलेच तत्त्वज्ञान ईयोबाला पुनःपुन्हा ऐकवले आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावर झाला. पौलाने आपल्या देहातील काटा, म्हणजे त्याला छळणारी पीडा, निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. त्यावरून प्रेषित देवाला अप्रिय होता असे म्हणायला हा संदेशलेखकही धजावणार नाही.

दूर राहण्याच्या शेवटच्या सल्ल्यासाठी एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्रातील ‘परमेश्वरा, तुझा द्वेष करणाऱ्यांचा मी द्वेष करू नये काय?’ ही ओळ आधाराला घेतली आहे. आजारी मूल आणि त्याची आई देवाचा द्वेष करणाऱ्यांत केव्हा गेली, हे संदेश सांगत नाही. स्तोत्र तर त्या ओळीवर थांबतही नाही. लगेच कवी देवाला विनवतो की माझे अंतःकरण तपासून पाहा आणि माझ्यात काही दुष्ट मार्ग आहे का ते पाहा. या दोन ओळी संदेशात नाहीत.