वेळ वाचणार होता म्हणे!

पुन्हा तेच! फ्रेंचच्या गाळलेल्या जागा, आणि मुलांच्या धडधडीत बरोबर उत्तरांवर आमच्या ऑनलाइन कोर्स-प्रणालीची लाल फुली. का? तर ‘café’च्या शेवटच्या अक्षरावरची ती तिरकी रेघ. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरांना संकेतांक (क्रमांक) देणाऱ्या पद्धतीत, ते अक्षर एकाच संकेतांकाने लिहिता येतं, किंवा मूळ अक्षर अधिक रेघ असं दोन संकेतांकांनीही. दिसायला जुळी भावंडं, पण या फुकटच्या प्रणालीला ओळख पटेल तर शपथ! मग मी बसते प्रत्येक प्रश्नाखाली चार-चार ‘मान्य उत्तरं’ कोंबत. रात्री अकरा वाजता. (यालाच म्हणे आपोआप तपासणी म्हणायचं.) आणि बोलण्याचा सराव? मुलांनी ध्वनिमुद्रणं चढवली की आठवड्यात जागा संपते. पैसे भरा, नाहीतर जुनी पुसा!