‘जास्त वॉटचे रोटरीच घ्या’: गाडीच्या रंगाला न परवडणारा सल्ला

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली की गोव्यात घरांची रंगरंगोटी सुरू होते आणि दारातली गाडीही लखलखीत दिसावी अशी ओढ लागते. नेमक्या याच दिवसांत गाडीचा रंग घासून चकाकवणाऱ्या पॉलिशर यंत्रांबद्दलचा एक संदेश मोबाइलवरून फिरू लागतो. त्याचा आशय असा: ‘गाडी नव्यासारखी करायची असेल तर किमान १,२०० वॉटचे रोटरी पॉलिशर घ्या. डीए मशीन हे नवशिक्यांचे खेळणे आहे, त्याने चरे जात नाहीत. फेरे जितके जास्त तितकी चकाकी जास्त. परवडत नसेल तर घरातल्या ग्राइंडरला पॅड बसवा. तासाभरात सगळे ओरखडे जातात आणि वरून सिरॅमिक कोटिंग मारले की पुन्हा पॉलिशची गरज उरत नाही.’

गेली अठरा वर्षे मी फोंड्यात गाड्यांच्या रंगाची दुरुस्ती करतो. ज्यांनी हा संदेश मला पाठवला त्यांपैकी दोघांनी यंत्र मागवूनही टाकले होते आणि त्यातल्या एकाचे बॉनेट अखेर संपूर्ण नव्याने रंगवावे लागले. म्हणून यातले एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

आधी वॉटचा प्रश्न. यंत्र किती वीज ओढते एवढेच हा आकडा सांगतो. रंगावर काय घडणार हे मात्र पॅड कोणत्या रीतीने फिरते, दाब आल्यावर ते फिरत राहते का आणि एका जागी किती उष्णता साठते यांवर ठरते. रोटरीत पॅड एकाच मध्यबिंदूभोवती गोल फिरते. डीए म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन यंत्रात पॅडचा मध्य स्वतःच एका लहान वर्तुळात फिरतो आणि त्याच वेळी पॅड बेअरिंगवर मोकळेपणाने गिरक्या घेते. या लहान वर्तुळाच्या व्यासाला थ्रो म्हणतात आणि तो सहसा ८, १२, १५ किंवा २१ मिमी असा असतो. तिसरा प्रकार सक्तीच्या फिरतीचा: हालचाल डीएसारखीच, पण गिअरमुळे पॅड थांबू शकत नाही. रुपेस या इटालियन कंपनीचे २१ मिमी थ्रोचे पहिले बिगफूट यंत्र ५०० वॉटचे होते, तर फ्लेक्स या जर्मन कंपनीचे सक्तीच्या फिरतीचे ८ मिमीचे प्रसिद्ध यंत्र ९०० वॉटचे असून त्याचे पॅड मिनिटाला जास्तीत जास्त ४८० फेरेच घेते. या दोन्ही यंत्रांनी जगभर गंभीर दर्जाचे काम झाले आहे. वॉटचा आकडा पाहून यंत्र निवडणाऱ्याने ही दोन्ही बाजूलाच ठेवली असती.

‘डीएने चरे जात नाहीत’ या विधानामागे मात्र एक खरा अनुभव आहे आणि तो नाकारणे योग्य नव्हे. जुन्या ८ मिमी थ्रोच्या यंत्राला जाड फोमचे पॅड लावून दरवाजाच्या वळणदार भागावर दाब दिला की पॅड गिरक्या घेणे थांबवते आणि नुसते थरथरत राहते. काम करणाऱ्याला यंत्र चालू असल्याचे वाटते, प्रत्यक्षात कापण्याचे काम जवळजवळ बंद पडलेले असते. हे ओळखण्यासाठी बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड ज्यावर चिकटते त्या चकतीच्या, कडेवर मार्करने एक रेघ मारून ठेवावी: रेघ डोळ्यांना फिरताना दिसली तर पॅड फिरते आहे, एका जागी थरथरताना दिसली तर दाब कमी करावा किंवा यंत्र पृष्ठभागाला समांतर धरावे. पातळ पॅड, मायक्रोफायबर पॅड, मोठा थ्रो आणि आजची कंपाउंड, म्हणजे रंग बारीक घासणारी मलमे, एकत्र आली की डीएने सर्वसाधारण चरे, म्हणजे कोरड्या फडक्याने धूळ पुसल्यामुळे उमटणारी कोळिष्टकासारखी जाळी, निघून जाते. वेळ रोटरीपेक्षा जास्त लागतो, हे मान्य. पण ज्याच्याकडे एकच गाडी आहे त्याला दुपार वाचवायची आहे की रंग, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारावा.

फेऱ्यांबाबतचे विधान साध्या गणिताने तपासता येते. १५० मिमी व्यासाचे पॅड मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला साडेतेवीस मीटर, म्हणजे ताशी सुमारे ८५ किलोमीटर होतो. १,२०० फेऱ्यांवर तोच वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास राहतो. वेग वाढला की घर्षण आणि उष्णता वाढते, पण चकाकी पृष्ठभाग किती सपाट आणि एकसारखा झाला यावर अवलंबून असते. रोटरीचे पॅड एकाच दिशेने फिरत असल्याने घाईने केलेल्या कामात त्याच्या मार्गाच्या कमानी रंगावर उमटून राहतात. गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली त्या दिसत नाहीत, पण गाडी उन्हात उभी केली की काळ्या किंवा गडद निळ्या रंगावर त्या पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारख्या सरकताना दिसतात. आमच्या धंद्यात त्यांना होलोग्राम म्हणतात. संदेशातल्या सल्ल्याप्रमाणे केलेल्या कामाची हीच सर्वांत सामान्य परिणती आहे, आणि ती काढण्यासाठी अखेर डीएच हातात घ्यावे लागते.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे झालेले नुकसान भरून येत नाही. आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या थरावर पारदर्शक क्लिअर कोट असतो आणि कारखान्यातून येताना त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असते. झेरॉक्सच्या कागदाची जाडी १०० मायक्रॉनच्या जवळपास असते, म्हणजे आपण ज्यावर यंत्र चालवतो तो थर त्या कागदाच्या निम्मा किंवा त्याहूनही पातळ आहे. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्ये याच थरात असतात. कंपाउंडच्या प्रत्येक फेरीत त्यातले काही मायक्रॉन कायमचे जातात. गोव्याच्या मार्च ते मे महिन्यांच्या उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचा क्लिअर कोट आधीच थकलेला असतो. त्यावर वर्षातून एकदा, चवथीच्या निमित्ताने, जोरकस कंपाउंड मारत राहिल्यास छप्पर आणि बॉनेट काही वर्षांत पांढरे पडून सालपटे सुटू लागतात.

रोटरीची उष्णता एका जागी साठते आणि ती सर्वांत लवकर कडांवर साठते. बॉनेटच्या मधली उठावाची रेघ, दरवाजाची धार, चाकावरच्या कमानीचा ओठ अशा ठिकाणी पॅडचा सारा भार बोटभर रुंदीवर येतो आणि रंगही तिथे मुळातच पातळ असतो. प्लास्टिकच्या बंपरवर धोका आणखी वाढतो, कारण लोखंडी पत्रा उष्णता पसरवून टाकतो, तर प्लास्टिक ती धरून ठेवते. माझ्या सुरुवातीच्या काळात एका काळ्या गाडीच्या बॉनेटवरच्या रेघेवर माझ्या हातातले रोटरी जेमतेम दोन-तीन सेकंद जास्त रेंगाळले आणि पांढऱ्या पॅडवर काळा रंग आला. क्लिअर कोट संपल्याची ती खूण होती. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते मेस्त तेव्हा एवढेच म्हणाले, ‘बाबा, आधी टेप, मग मशीन.’ त्या दिवसापासून प्रत्येक कडेवर मास्किंग टेप लावल्याशिवाय मी यंत्राचे बटण दाबलेले नाही.

मग हा सल्ला इतका रुजला कसा? जुन्या अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनीच्या काळातल्या रंगावर वेगळा क्लिअर कोट नसे. पॅडवर रंग येणे ही तेव्हा नेहमीची बाब होती, आणि वरचा विटलेला थर लोकरी पॅडने काढला की खालून ताजा रंग दिसे. मांडवीच्या काठी फायबरच्या बोटी घासणारे कारागीरही रोटरीच वापरतात आणि त्यांचे बरोबर आहे, कारण बोटीवरचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा थर, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे गाडीच्या क्लिअर कोटच्या दहापट किंवा अधिक जाड असतो. गाडीच्या नव्याने रंगवलेल्या भागावर २,००० नंबरच्या पाणपेपरच्या खुणा काढायच्या असतील तर मीही रोटरीच घेतो. सरावलेल्या हातात ते उत्तम यंत्र आहे. पण जाड थरावर कमावलेले कौशल्य पातळ थरावर तसेच्या तसे लागू पडत नाही.

ग्राइंडरला पॅड बसवण्याचा सल्ला मात्र सरळ धोकादायक आहे. १०० मिमीचा साधा अँगल ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या घरात फिरतो आणि बऱ्याच मॉडेलांत वेग कमी करण्याची सोयच नसते. त्याला १५० मिमीचे पॅड लावले तर कडेचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. हा वेग ना पॅडसाठी आहे, ना बॅकिंग प्लेटसाठी. रंग तर जळतोच, पण प्लेट सुटली तर ती समोरच्या माणसाच्या तोंडावर जाऊ शकते. ज्या घरात मुले आसपास वावरतात तिथे हा प्रयोग कोणीही करू नये.

या संदेशाला उत्तर म्हणून काही जण ‘डीएने रंग जळूच शकत नाही’ असे ठामपणे सांगतात. तेही तितकेच चुकीचे आहे. मायक्रोफायबर पॅड, भरपूर दाब आणि उघडी कड असे एकत्र आले की डीएनेही क्लिअर कोट पार होतो. फक्त चूक लक्षात येण्यासाठी अवधी थोडा अधिक मिळतो. शिवाय पॅड फार तापले तर मधोमध त्याचे वेल्क्रो वितळते आणि पॅड यंत्रातून सुटते. दर दोन-तीन पॅनेलनंतर पॅड बदलणे आणि ब्रशने साफ करणे हा त्यावरचा उपाय आहे.

‘तासाभरात सगळे ओरखडे’ या वचनाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. नख फिरवल्यावर ज्या ओरखड्यात नख अडते तो पॉलिशने काढू नये, कारण त्याच्या तळापर्यंत पोहोचण्यासाठी आजूबाजूचा सगळा थर तितकाच उतरवावा लागतो. शिवाय आपल्याकडे यंत्राआधीची तयारीच तासाहून जास्त वेळ घेते. डिचोली-सत्तरीच्या बाजूने येणाऱ्या गाड्यांवर लोहखनिजाची आणि चिऱ्याची तांबडी धूळ दरवाजाच्या फटींत साठलेली असते, आणि तिचा एक कण पॅडखाली आला तरी नवे चरे पडतात. विहिरीच्या पाण्याचे सुकलेले पांढरे डाग पुष्कळदा पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरनेच निघतात. त्यांच्यासाठी कंपाउंड काढणे म्हणजे डागापेक्षा जास्त रंग गमावणे होय. रंगाची जाडी मोजणारे उपकरण मिळाले तर जरूर वापरावे, मात्र ते पत्र्यावरच्या सर्व थरांची एकूण जाडी दाखवते, एकट्या क्लिअर कोटची नव्हे, आणि प्लास्टिकच्या बंपरवर साधे उपकरण चालत नाही.

घरच्या एका-दोन गाड्यांसाठी कोणते यंत्र घ्यावे, असे विचारणाऱ्यांना मी १२ किंवा १५ मिमी थ्रोचे डीए सुचवतो. सोबत १२५ मिमीची प्लेट, अरुंद जागांसाठी ७५ मिमीची दुसरी प्लेट आणि कमीत कमी सहा पॅड घ्यावेत. २१ मिमीचे यंत्र छपरासारख्या सपाट भागावर भराभर काम करते, पण आपल्या लहान हॅचबॅक गाड्यांच्या वळणांवर ते अवजड पडते. घेण्यापूर्वी यंत्र हातात धरून पाहावे, सर्वांत कमी वेगावर ते शांतपणे सुरू होते का आणि दाब दिल्यावर मोटारीचा आवाज बसतो का हे तपासावे, आणि बदलीची बॅकिंग प्लेट व मोटारीचे कार्बन ब्रश मिळतात का हे विक्रेत्याला विचारावे. काम सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना करावे. दाराच्या खालच्या भागावर हातभर चौकोन आखून आधी सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश वापरून पाहावे, आणि तेवढ्याने भागले तर पुढच्या पायरीवर जाऊच नये.

राहिला सिरॅमिक कोटिंगचा मुद्दा. हा थर सहसा एक-दोन मायक्रॉनचा किंवा त्याहूनही पातळ असतो. तो पाणी आणि घाण सहज घसरू देतो, पण खाली राहिलेले होलोग्राम लपवत नाही, उलट ते तसेच बंदिस्त करतो, आणि नंतर काढायचे म्हटले तर आधी कोटिंगच घासून उतरवावे लागते. वरून चुकीच्या रीतीने धुतले तर कोटिंगवरही चरे पडतातच. कोटिंग कोणाकडूनही करून घेणार असाल तर पॉलिश संपल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणाने बॉनेट पुसायला सांगावे, म्हणजे चरे तात्पुरते बुजवणारी तेले निघून जातील, आणि मग गाडी शेडमधून बाहेर काढून सकाळच्या तिरप्या उन्हात आपल्या डोळ्यांनी पाहावी. तिथे कमानी दिसल्या तर कोटिंगची बाटली उघडू देऊ नये.