सिगार सुरू करताय? आधी निपाणी विसरा

सगळ्यात आधी अभिनंदन. बुलेट घेऊन आंबोलीला जाऊन झालं, चोर्ल्याच्या घाटात धुक्यातले फोटो झाले, घरी कॉफीचं मशीन आणून त्यातनं काढ्यासारखं काहीतरी काढून पाहुण्यांना पाजून झालं, आता पुण्यात नाहीतर बेंगळूरला बरीच वर्षं घासून परत बेळगावला येऊन टिळकवाडीत फ्लॅट घेतलेल्या माणसानं करायचं तरी काय? सिगार. ह्याच्यासारखा छंद नाही बघा. तासभर खुर्चीत बसायचं, काही करायचं नाही आणि त्या काही न करण्याचे पैसे द्यायचे. तुमचे आजोबा हेच काम पारावर बसून एका बिडीत उरकायचे, पण त्यांना गावानं रिकामटेकडं ठरवलं, तुम्हाला जाणकार म्हणतील.

पथ्य एकच, पण कडक. निपाणी विसरायची. निपाणी इथनं हायवेनं तास-दीड तासावर आहे, निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या रानात पिढ्यान् पिढ्या बिडीचा तंबाखू पिकतोय, वखारीत बाया तोंडाला पदर बांधून तंबाखू कुटायच्या-चाळायच्या आणि रात्रभर घरात खोकायच्या, १९८१ ला तंबाखूला दर मिळावा म्हणून शेतकरी शरद जोशींबरोबर हायवेवर येऊन बसले आणि एप्रिलात गोळीबार होऊन १२ माणसं गेली, हे सगळं तुम्हाला माहीत असणार, कदाचित घरातलंच असणार. पण सिगार हातात असताना ह्यातलं एक अक्षर तोंडातनं येता कामा नये. सिगारवाल्या माणसाचं रान क्युबात असतं. पिनार देल रिओ प्रांत, त्यातला व्हुएल्ता आबाहो हा भाग, तिथली ती लाल माती, हे सगळं डोळे अर्धे मिटून म्हणायचं. गावाकडचं तुमचं स्वतःचं रान कोण कसतंय का पडीक आहे हे माहीत नसलं तरी चालतंय. आणि एक हुकमी किस्सा पाठ करून ठेवा, क्युबातल्या हवानाच्या सिगार कारखान्यात १८६५ पासून कामगारांना पेपर आणि कादंबऱ्या मोठ्यानं वाचून दाखवायला माणूस ठेवायची पद्धत आहे. हे सांगितलं की समोरचा गार. वखारीत पण बायकांना मोठ्यानं ऐकवायला एक माणूस असायचाच, मुकादम म्हणायचे त्याला, पण त्याचं साहित्य छापण्यासारखं नव्हतं.

आता मालाची ओळख. आत असतो तो फिलर, त्याला बांधून ठेवतो तो बाइंडर आणि बाहेरनं दिसतो तो रॅपर, तिन्ही तंबाखूचीच पानं. बिडीत बाहेरचं पान तेंदूचं असतं म्हणून ती गावठी. तेंदूच्या जागी तंबाखूचं पान आलं की तीच वस्तू लाइफस्टाइल होते, आणि हा पानाबदल करायला एकेका नगाला हजारांत पैसे मोजावे लागतात. बिडी वळणाऱ्या बाईला हजार बिड्यांच्या हिशोबानं मजुरी मिळते, इथं हजार एका नगालाच जातात, म्हणजे हिशोब दोन्हीकडं हजाराचाच आहे की ओ, उगाच विषमता विषमता म्हणून ओरडायचं कशाला.

घ्यायचं कुठनं? इथं अस्सल क्युबन शोधत फिरण्यापेक्षा दुबईचा मेव्हणा गाठा. परदेशातनं येणाऱ्याला २५ सिगारी ड्यूटी न भरता आणता येतात, त्याच्या बॅगेत खजूर आणि बदामांच्या मधी त्या आरामात बसतात. मेव्हणा नसेल तर गोव्याच्या किनाऱ्यावर कुणीतरी हमखास काचेच्या झाकणाची पेटी घेऊन येतो, आत ओळीनं कोहिबा ह्या नामांकित क्युबन ब्रँडच्या सिगारी मांडलेल्या, किंमत ऐकून वाटतं हा माणूस देवानंच पाठवला. काचेचं झाकण असलेली कोहिबाची पेटी नकलीच असते हे जगात सगळ्यांना माहीत आहे, पण तुम्ही घ्याच. आपल्याकडं ओढणाऱ्यालाही फरक कळत नाही आणि बघणाऱ्याला तर सिगारला गुंडाळलेल्या सोनेरी पट्टीपलीकडं काही दिसत नाही.

कोहिबाचा विषय निघालाच आहे तर हे ऐका. कोहिबा दोन आहेत. एक क्युबाची आणि एक डॉमिनिकन रिपब्लिकात वळलेली, अमेरिकेत विकली जाणारी. नाव एक आणि हक्क सांगणारे दोघं. १९९७ ला क्युबावाले अमेरिकेत कोर्टात गेले आणि पंचवीस वर्षं उलटली तरी अपिलावर अपील चालूच होतं. आता बेळगावच्या माणसाला ह्यात वेगळं काही समजावून सांगायला लागत नाही. आपला सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, वकील, तारखा, पुढची तारीख ह्याचा आपल्याला जन्माचा अनुभव, त्यामुळं जगातल्या कुठल्याही सिगार क्लबात ह्या एका विषयावर तुम्ही सगळ्यांपेक्षा जास्त वेळ बोलू शकता. फक्त बोलता बोलता महाजन अहवालावर घसरू नका, मग सिगार विझते.

साइजमधे चर्चिल नावाचा प्रकार आहे, ७ इंच लांब. जाडी मोजायची पद्धत इंचाच्या ६४ भागांत, चर्चिल ४७ची, म्हणजे पाऊण इंचाला थोडी कमी. नवशिक्यानं छोट्यानं सुरुवात करावी असं सगळे सांगतात, पण फोटोत छोटी दिसत नाही, तेव्हा चर्चिलच. शिवाय त्या नावाला कर्नाटकाचा आधार आहे, चर्चिलसाहेब तरुणपणी बेंगळूरला फौजेत होते आणि तिथल्या क्लबात त्यांची १३ रुपयांची उधारी राहिलेली वहीत नोंद आहे, १८९९ची. म्हणजे मोठा सिगारवाला व्हायला पानपट्टीवर खातं थकीत ठेवणं ही परंपरा आहे, उद्या पानवाल्यानं मागितले तर त्याला हे सांगा.

कापणं आणि पेटवणं हा विधी आहे, तिथं घाई नाही. टोपीचं, म्हणजे तोंडात धरायच्या बाजूचं, टोक कटरनं एका झटक्यात. दातानं तोडायचं नाही, तसं तोडलं तर लोकांना तुमचं गाव कळतं. पेट्रोलचा लायटर चालत नाही कारण वास लागतो, गॅसचा टॉर्च लायटर नाहीतर लांब लाकडी काडी. समईवर पेटवायचा विचार मनात आणू नका, तेलाचा वास सिगारला लागतो आणि आईचा हात तुम्हाला. आधी पायाकडची, म्हणजे पेटवायची बाजू ज्योतीच्या वर धरून गोल फिरवत शेकायची आणि मग हळूहळू ओढायचं, मिनिटाला एक झुरका, त्याहून जास्त नाही. हे करताना चेहरा असा ठेवायचा की कुठलीतरी मोठी डील नुकतीच क्लोज झाली आहे. झाली नसली तरी.

पहिल्या वेळी अर्ध्यावर आल्यावर तोंडाला पाणी सुटेल, कपाळाला गार घाम, कानात शिट्टी आणि गच्चीची टाकी जागेवरनं हलल्यासारखी वाटेल. घाबरू नका, हा निकोटिनचा दणका, जाणकार लोक ह्याला स्ट्रेंथ म्हणतात. उपाय म्हणजे साखर. परदेशात लोक गोड सोडा पितात, आपल्याकडं कुंदा आहे, दोन घास खा आणि भिंतीला टेकून बसा. कुणी विचारलं तर "फुल बॉडीड आहे", म्हणजे भरगच्च चवीची, एवढंच म्हणायचं. वखारीत नव्यानं कामाला लागलेल्या पोरीला पहिल्या दिवशी हेच व्हायचं, चक्कर, उलटी, तिला कुणी फुल बॉडीड म्हटलं नाही, उद्यापासनं येऊ नको म्हटलं.

आता खरा अभ्यास, चव. सिगारची चव सांगताना तंबाखूची चव आली असं म्हणणं हे अडाणीपणाचं लक्षण आहे. चामडं, ओली माती, गवताची गंजी, गोठा, सुकामेवा, मिरी, कोको ह्यातलं काहीतरी यायला पाहिजे. गोठा म्हणजे खरंच गोठा, मी गंमत करत नाही, सिगारचे समीक्षक लोक मोठ्या कौतुकानं धुरात गोठ्याचा वास आला असं लिहितात. आता विचार करा, ज्या माणसानं बारावीनंतर पहिलं काम काय केलं तर गोठ्याचा वास येतो म्हणून गावातलं घर सोडून शहरात खोली केली, तोच माणूस आता तोच वास धुरातनं शोधायला पैसे मोजणार. खानापूरकडं अजून असे गोठे आहेत, सकाळी जाऊन उभं राहिलात तर फुकट मिळतोय, पण फुकटात चवीला ती खोली येत नाही.

घरात कुणी निपाणीकडची म्हातारी असेल तर चव घ्यायचा कार्यक्रम तिच्या समोर करू नका, हे मनापासून सांगतोय. ती तुमच्या हातातनं सिगार घेईल, बोटात दाबेल, नाकाशी धरेल आणि सांगेल, "ह्यो पाला सादळलाय रं. कितीला घेटलास?" आकडा सांगितला की ती सगळ्या गल्लीला सांगेल. तिच्या बोटांना तंबाखूची जेवढी समज आहे तेवढी तुमच्या आख्ख्या ग्रुपमधे कुणाला नाही, म्हणूनच तिला ग्रुपमधे घेत नाहीत.

आणि पाला सादळलाय हे ती चुकीचं सांगत नाही. सिगार मुद्दाम सादळतीच ठेवायची असते, हवेत ७० टक्क्यांच्या आसपास दमटपणा आणि वीसेक डिग्री तापमान. त्यासाठी आतनं सिडारचं लाकूड लावलेली पेटी मिळते, ह्युमिडॉर, वर दमटपणा मोजायचा काटा. आता बेळगावात जूनपासून गणपतीपर्यंत आख्खं घरच ह्युमिडॉर असतं. कपडे वाळत नाहीत, पापड मऊ, काडेपेटी पेटत नाही, कपाटातल्या लग्नाच्या सुटावर पांढरी बुरशी, आणि तुम्ही हजारो रुपये देऊन आणलेल्या पेटीत आणखी थोडं पाणी घालताय. पावसाळ्यात तो काटा ७०च्या खाली आणायची धडपड करायची आणि मार्चमधे वारं फिरलं की वर चढवायची, ह्यात वर्ष कसं जातं कळत नाही. ऊन वाढलं की पेटीत तंबाखूचा किडा निघतो, बारीक, तपकिरी, रॅपरला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पाडतो. त्याच्यावर उपाय म्हणजे सिगार डीप फ्रीझरमधे ठेवणं. डीप फ्रीझरमधे गोव्याहून आणलेले बांगडे असतात. पुढचं घरातलं भांडण तुमचं तुम्ही बघा.

ओढायचं कुठं हा प्रश्न आहे खरा. सार्वजनिक जागेत २००८ पासून बंदी आहे, आणि कर्नाटकात २०२५ पासून त्याचा दंड २०० वरनं १००० रुपये झालाय, वयाची अट पण २१. पावती कन्नडमधे येते, वाचता आली नाही तरी भरता येते. घरात ओढलं तर पडद्यांना आठवडाभर वास राहतो. बाल्कनीत ओढलं तर वरच्या मजल्यावरच्या काकू खाली वाकून "काय जळालंय हो तुमच्याकडं?" म्हणून विचारतात. त्यापेक्षा एखाद्या मित्राचं शेत बघा, जांबोटीच्या वाटेवर फार्महाऊस असलेला एक मित्र प्रत्येकाला असतोच, तिथं शेकोटीशेजारी चार खुर्च्या, चार सिगारी, चौघांच्या तोंडात धूर त्यामुळं कुणाला बोलायला लागत नाही.

तब्येतीचं कुणीतरी काढणारच. तेव्हा म्हणायचं, "सिगारचा धूर आत घ्यायचा नसतो, फक्त तोंडात खेळवायचा." ऐकणारा लगेच मान हलवतो. सिगारचा धूर अल्कलाइन असतो म्हणून निकोटिन तोंडाच्या कातडीतनंच आत जातं, मळलेल्या तंबाखूला चुना लावतात तो पण ह्याच कामासाठी, आणि एका मोठ्या सिगारमधे सिगारेटच्या आख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो, हे सांगायची गरज नाही. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर ह्या भागात लोकांनी घरोघरी बघितलाय, पण तो तंबाखू खाणाऱ्यांचा. तुमचा गाल वेगळा आहे, तुमच्या गालाला दुबईचं बिल आहे. पाकिटावरचा ८५ टक्के जागेतला तो फोटो तेवढा क्रॉप करा.

शेवटचा भाग म्हणजे थोटूक. सिगार चिरडून विझवायची नसते, तशीच ठेवून द्यायची, आपोआप विझते. पण फार्महाऊसवर राखण करणारा मामा असतो, तो सकाळी अॅशट्रे आवरायला येतो आणि तुमच्या दोन-अडीच इंच उरलेल्या चर्चिलची पट्टी काढतो, तळहातावर चुरतो, चंचीतनं चुना काढतो, अंगठ्यानं चांगलं मळून थापटतो आणि खालच्या ओठात धरतो. तुम्ही उठून बाहेर आलात की विचारतो, "सायेब, कालचा माल कुठला म्हणायचा? बरा हाय, पर जरा मऊ लागतोय." रागावू नका. पुढच्या वेळी त्याच्यासाठी एक वेगळी आणा म्हणजे तो तुमच्या थोटकावर डोळा ठेवून पायरीवर बसायचा नाही, चुना तो स्वतःचा आणतो.