बाहेरचीच हवा दमट, मग पत्र्याखाली तिला वाट कशाला?

नमस्कार. पत्र्याखालच्या पोटमाळ्यात इन्सुलेशनच्या वर हवेला वाट ठेवा, असं मी लिहिलं होतं. तुमचा आक्षेप असा की, मुंबईत जुलैला बाहेरचीच हवा दमट असते, ती आत खेळवून ओल वाढेल. त्यापेक्षा फोम थेट पत्र्याला चिकटवून सगळं बंद करावं. शिवाय हे थंड देशांतलं तंत्र इथे कशाला?

थंड देशांबद्दलचं तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तिथे हिवाळ्यात ओल घरातून वर जाते, म्हणून बाष्प अडवणारा थर खालच्या अंगाला असतो. आपल्याकडे एसीच्या खोलीत उलटं होतं, दमट हवा बाहेरून थंड छताकडे येते. म्हणून ५० मिमी ग्लासवूलची (काचेच्या तंतूंच्या लोकरीची) फॉइल वरच्या अंगाला हवी आणि जोड २ इंची अॅल्युमिनियम टेपने बंद हवेत. तिथली आकृती जशीच्या तशी उचलली तर लोकर भिजून बसते.

पण वरची वाट बुजवायची नाही. पत्र्याचं छप्पर हवाबंद नसतंच; हुकांच्या भोकांतून आणि जोडांतून हवा शिरते. २८ अंशांच्या, ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेतली वाफ साधारण २५ अंशांना पाणी होऊ लागते, आणि पावसात भिजलेला पत्रा तिथवर सहज उतरतो. नंतर ऊन पडलं की ते पाणी पुन्हा वाफ होतं. त्या वेळी ती बाहेर गेली पाहिजे, नाहीतर रात्री परत ठिबकते. बाहेरच्या हवेपेक्षा आतली हवा कोरडी होईल असा माझा दावा नाही. साचलेलं पाणी निघून जाणं एवढंच या वाटेचं काम, आणि एप्रिल-मेमध्ये ६० अंशांपुढे तापलेल्या पत्र्याखालची धग वर काढणं.

थेट चिकटवलेल्या फोमचा गोंद याच उष्णतेने सुटतो, मागे पाणी साचतं आणि हुक गंजतात. शिवाय पत्र्याला टेकलेली फॉइल धग परतवत नाही, तिच्यासमोर मोकळी हवा लागते.

पुष्कळ घरांत हे ठिबकणं गळती समजून वर डांबर फासलं जातं. गळती पावसात, हुकाजवळ किंवा जोडाखाली एका जागी दिसते. दव पहाटे, पाऊस नसतानाही, पर्लिनच्या (पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या दांड्यांच्या) ओळीने थेंबथेंब पडतं.

आता मापं. १० बाय १५ फुटांचा माळा म्हणजे १५० चौरस फूट. त्याचा दीडशेवा भाग, म्हणजे १ चौरस फूट, निव्वळ मोकळी जागा हवी: निम्मी वळचणीला, निम्मी आढ्याला. अर्धा चौरस फूट म्हणजे ७२ चौरस इंच. १५ फुटांच्या कडेवर पसरली तर ०.४ इंचाची फट. डासांची जाळी जवळपास निम्मी जागा खाते, म्हणून पूर्ण लांबीभर १ इंच ठेवा. जाळी स्टेनलेस स्टीलची घ्या, खाऱ्या हवेत साधी टिकत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती पर्लिनपाशी. पर्लिन आडव्या असतात. इन्सुलेशन त्यांच्या खालीच ठोकलं तर प्रत्येक खण बंद होतो आणि हवा फक्त पत्र्याच्या नागमोडी पन्हळींतून जेमतेम सरकते. आधी वळचणीपासून आढ्यापर्यंत उभ्या २५ मिमी रिपा मारा, मग त्यांखाली ग्लासवूल, त्याखाली सिमेंट बोर्ड.

पाऊस आत येण्याची तुमची भीती रास्त आहे. वळचणीची फट खाली तोंड करून ठेवा. आढ्याशी पत्र्याच्या पन्हळीची टोकं पक्कडीने वर वळवा आणि रिजचा (आढ्यावरचा) पत्रा दोन्हीकडे ६ इंच खाली उतरू द्या. एकाच उताराचं छप्पर असेल आणि उंच कड पश्चिमेला असेल, तर तिथली फट उघडी ठेवू नका, बाजूच्या भिंतींत वर जाळ्या काढा.

एक गोष्ट मी स्पष्ट लिहायला हवी होती: ही पोकळी आणि खालची खोली एकमेकींना जोडायची नाही. स्वयंपाकघराचा एक्झॉस्टही पोकळीत सोडू नका, पाइप थेट बाहेर काढा. आणि छप्पर जुन्या अॅस्बेस्टॉसच्या पत्र्याचं असेल तर त्याला भोक पाडू नका, कापूही नका. रिपा फक्त पर्लिनलाच धरा.